आपला तांब्या, आपली नळी

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या बेळगावच्या घरी एक लहानसा वाद झाला. त्याचे कारण इतके क्षुल्लक होते की, त्यावर लेख लिहावा असे कोणासही वाटू नये. आमचा पुतण्या पत्नी व मुलासह डिसेंबरात मुंबईहून लक्षद्वीपकडे जाणाऱ्या एका मोठ्या प्रवासी जहाजावर, ज्यास हल्ली सारेच क्रूझ म्हणतात, सफरीस जावयाचा होता. त्या बेटांभोवतीच्या उथळ, निवळशंख पाण्यावर पालथे तरंगत खालचे प्रवाळ आणि मासे पाहावयाचे, हा अशा सफरीतला मोठा आनंद मानतात. त्यासाठी लागणारी सामग्री, म्हणजे डोळ्यांवरचा काचेचा मुखवटा, श्वास घेण्याची नळी आणि पायांत घालावयाच्या रबरी फिन, तेथे भाड्याने मिळते. असे असूनही या गृहस्थाने चार-पाच हजार रुपये मोजून सारी सामग्री स्वतःची आणविली होती, आणि तिने त्याची अर्धी बॅग अडविली होती. आमच्या ज्येष्ठ बंधूंनी सहज विचारले, "अरे, तिथे मिळते ना? मग हे ओझे कशाला?" मुलगा उत्तरला, "बाबा, शंभर जणांनी तोंडात धरलेली उष्टी नळी मी तोंडात घालू?"

उष्टी! बंधू हसले, आम्हीही हसलो. परंतु हसू ओसरल्यावर आम्ही काहीसे गप्प झालो. याच घरातून हा शब्द घालविण्यास आमच्या वडिलांना आयुष्याची कितीतरी वर्षे खर्ची घालावी लागली होती. आपल्या सर्व जातींच्या मित्रांस त्यांनी प्रथम घरच्या पंगतीस बसविले तेव्हा आमची आजी महिनाभर त्यांच्याशी बोलली नव्हती. पुढे आजी गेली, सोवळे गेले, चुलीपाशी ओढलेली अदृश्य रेघही पुसली गेली. आणि आता तिचा पणतू, ज्याने सोवळे म्हणजे काय हे फार तर नाटकात पाहिले असेल, समुद्रस्नानास निघताना नेमका तिचाच शब्द उच्चारीत होता. हे आरोग्यशास्त्र बोलते आहे की पणतवाच्या तोंडून आजी बोलते आहे, या प्रश्नाने त्या दिवसापासून आमचा पिच्छा पुरविला आहे.

प्रथम त्या सामग्रीस न्याय दिला पाहिजे. आम्ही बेळगावकर घाटावरचे. पाण्याविषयीचे आमचे ज्ञान राकसकोपच्या नळापुरते. तेव्हा जे पुढे सांगतो ते पुतण्याने समजावून दिलेले आहे.

मुखवटा डोळे व नाक झाकतो. त्याच्या कडेस सिलिकोनची मऊ झालर असते, आणि ती चेहऱ्यावर तंतोतंत बसली तरच पाणी बाहेर राहते. तो आपल्यास योग्य आहे किंवा नाही हे पाहण्याची रीत मोठी गमतीची आहे. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवावयाचा आणि नाकाने किंचित श्वास आत ओढावयाचा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तो आपला. प्रत्येकाच्या कपाळाची व गालफडांची ठेवण निराळी असते, म्हणून एकाचा मुखवटा दुसऱ्यास बसेलच असे नाही. मिशी असली तर झालरीखालून पाणी झिरपते. आमच्या बंधूंच्या मिशा पाहता हा आनंद त्यांस या जन्मी दुर्लभच म्हणावयाचा. चष्मेवाल्यांची अडचण तर उघड आहे. मुखवट्याच्या आत चष्मा घालता येत नाही, तेव्हा नंबराच्या काचा बसविलेला मुखवटा स्वतःच न्यावा लागतो. आमच्या पुतण्यास उणे पाचचा नंबर आहे. साध्या काचेतून त्यास प्रवाळ आणि पायपुसणे यांतला भेद कळला नसता.

नळीचे शास्त्र याहून सूक्ष्म आहे. ती सव्वा फुटाच्या आसपासच लांब असते, आणि त्यास कारण आहे. नळी लांब केली तर आपणच सोडलेला उच्छ्वास तिच्यात साचतो आणि पुढच्या श्वासाबरोबर तोच पुन्हा आत जातो. शिवाय माणूस खोल गेला की पाण्याचा भार छातीवर असा पडतो की, फुफ्फुसांना वरची हवा ओढवतच नाही. ही नळी दातांत धरून ओठांनी आवळावयाची असते. पाण्याचा प्याला ओठांस क्षणभर लागतो. ही तासभर तोंडातच असते. तेव्हा ती स्वच्छ असावी असे वाटणे यात वावगे काहीच नाही. फिनचे काम साधे असते, पण त्यांना जागा फार लागते; म्हणून मुरलेले प्रवासी मुखवटा व नळी स्वतःची नेतात आणि फिन तेथेच भाड्याने घेतात, असे म्हणतात.

इतके सारे ऐकल्यावर कोणीही म्हणेल की मुलाचे बरोबर होते. मग वाद कसला? वाद असा की, त्याचे सबळ कारण डोळ्यांचे होते, आणि ओठांवर आले ते दुसरेच.

आमच्या माळ्यावर अजून एक फिरकीचा तांब्या आहे. नव्या वाचकांसाठी सांगावयाचे तर, हा पितळेचा, आतून कल्हई केलेला, आट्यांचे झाकण असलेला प्रवासी तांब्या. आजी या तांब्याशिवाय उंबरा ओलांडीत नसे. आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्यास जावयाचे, मचव्यातून आगबोटीपर्यंत पोहोचून मुंबई गाठावयाची, किंवा गोव्यास कुलदेवतेच्या दर्शनास जाऊन अग्रशाळेत उतरावयाचे. प्रवास कोणताही असो, वळकटी, दशम्यांचे फडके आणि हा तांब्या ही त्रयी ठरलेली. दशमीचे पीठ दुधात भिजवावयाचे, पाण्यात नव्हे, कारण पाण्याचे अन्न वाटेत विटाळते आणि दुधाचे विटाळत नाही, अशी समजूत होती. दुधात भिजविलेली भाकरी अधिक टिकते आणि मऊ राहते, हेही तितकेच खरे. त्या एका दशमीत धर्म आणि व्यवहार असे मळले गेले होते की, त्यांस पुन्हा वेगळे करणे खुद्द आजीलाही साधले नसते. तांब्याचेही तसेच. यात्रेच्या गावी पटकीची साथ येत असे, त्या काळी आपले पाणी आपल्यापाशी असणे म्हणजे जीव वाचविणे होते. आजी कोकणीत म्हणे, "आपलें आपल्या कडेन आसूंक जाय." कारवारकडच्या तिच्या माहेरचा हा व्यवहार होता, आणि तो शहाणपणाचाही होता.

परंतु एक दिवस आम्हांस आठवतो. १९६५च्या सुमाराची गोष्ट. आम्ही सात-आठ वर्षांचे होतो. आजीबरोबर नृसिंहवाडीचे दर्शन करून परत येत असताना निपाणी सोडल्यावर तवंदी घाटाच्या पायथ्याशी एस. टी. बंद पडली. वैशाखातले ऊन होते. उतारू झाडाखाली बसले. रस्त्याच्या कडेस एक घर होते. तेथून एक बाई पितळेची चरवी आणि पेला घेऊन आली आणि तिने सर्वांस पाणी विचारले. ती तंबाखूच्या वखारीत कामास जाणारी असावी; तिची बोटे काळपट-पिवळी झाली होती आणि तिच्या लुगड्यास तो उग्र वास होता. निपाणीच्या भागात हा वास कोणास नवा नाही. आमच्यापाशी आल्यावर आजी मोठ्या गोडीने म्हणाली, "नको हो बाई, आमच्याकडे आहे." ती बाई क्षणभर थांबली. रागावली नाही, काही बोललीही नाही. मागे फिरली, आणि आमच्यासाठी पेल्यात ओतलेले पाणी तिने जाता जाता अंगणातल्या मिरचीच्या रोपाच्या बुडाशी ओतले.

आम्ही तांब्यातले पाणी प्यालो. ते कोमट झाले होते आणि त्यास पितळेची चव लागत होती. आम्ही कुरकुरलो, तशी आजी हळूच म्हणाली, "तिगेले हात तंबाखूचे, पळय."

हे कारण खोटे नव्हते. तंबाखू विषारी आहे, आणि तो हाताळणाऱ्यांच्या त्वचेतून अंगात भिनतो, हे आज वैद्यकास मान्य आहे. पुढे पुष्कळ वर्षांनी आम्हांस आठवले की, आजी स्वतः तपकीर ओढीत असे. ती तपकीर तंबाखूचीच. तिची चांदीची डबी कमरेस खोवलेली असे आणि तिचा अंगठा व तर्जनी सदैव तपकिरी रंगाची असत. त्याच बोटांनी तिने आम्हांस त्या दिवशी दशमी मोडून दिली होती. आणि त्याच दिवशी पहाटे ती वाडीच्या घाटावर, कृष्णा-पंचगंगेच्या पाण्यात, कोण कोणत्या जातीचा हे न पाहता शेकडो माणसांत बुडी मारून आली होती. पावसाळ्यात दक्षिणद्वाराच्या वेळी, पादुकांवरून वाहून येणारे पुराचे गढूळ पाणी अंगावर घेण्यास हजारोंची जी रेटारेटी होते, तीतही ती एकदा उभी राहिली होती. त्या पाण्यात कोणाचे हात होते, हे तिने विचारले नाही.

यावरून आम्हांस असे वाटते की, स्वच्छतेचे कारण खरे आहे की उसने, हे ओळखण्यास एक साधी कसोटी आहे. कारण तेच ठेवावे आणि माणूस बदलून पाहावा. हात तंबाखूचेच, पण ते आपल्या जाऊबाईंचे असते तर? नळी शंभर जणांचीच, पण ते शंभर जण निराळे असते तर? माणूस बदलताच किळस नाहीशी होत असेल, तर ती किळस वस्तूविषयी कधीच नव्हती.

ही कसोटी आम्ही पुतण्यास लावली. वडीलधाऱ्यांस असले उपद्व्याप शोभतात. चार-पाच वर्षांपूर्वी, लग्न झाल्यावर, तो थायलंडास गेला होता आणि तेथेही असाच पाण्यावर तरंगला होता. ती छायाचित्रे आम्ही सर्वांनी पाहिली होती. आम्ही विचारले, "तेव्हा नळी कोणाची होती?" तो म्हणाला, "तिथली, भाड्याची." "मग ती उष्टी नव्हती?" तो थोडा वेळ विचारात पडला. त्याचा प्रामाणिकपणा असा की, त्याने सबब पुढे केली नाही. "खरं सांगू काका, तिथं तो विचारच मनात आला नाही." मागाहून तो म्हणाला की २०२०ची करोनाची साथ मध्ये येऊन गेली आणि तेव्हापासून दुसऱ्याच्या श्वासाची धास्ती बसली. हेही खोटे नाही. त्या दोन वर्षांत आम्ही सारेच आपापला तांब्या घेऊन बसलो होतो. तरीही त्याचे पहिले उत्तर आमच्या मनातून गेले नाही. परक्या देशातल्या परक्याचे उष्टे त्याच्या लक्षात आले नव्हते. आपल्या देशातल्या आपल्यांचे मात्र चटकन आले.

आपल्या समाजातील वाचकांस येथे थोडा राग येईल. देवाच्या दारी जाताना आम्ही स्वतःचे सोवळे नेतो, संध्येची पळी-पंचपात्री ज्याची त्याची असते, यात कोणाचा अपमान आहे काय, असे ते विचारतील. अपमान नाही. स्वतःची वस्तू नेणे हा दोष आहे असे आम्ही म्हणतच नाही. गोपाळकाल्यातला प्रत्येक गोपाळ आपली शिदोरी घरून बांधून आणतो. मात्र ती तो सर्वांत कालवितो, आणि पुढे कोणाच्या घासात कोणाचे दही आले याची चौकशी राहत नाही. समाराधनेच्या दिवशी देवस्थानची जी मोठी तपेली बाहेर निघतात, त्यांतून आजवर किती लोक जेवले असतील याचा हिशेब नाही, आणि त्यांस कोणी उष्टी म्हणत नाही. ती घासून-पुसून ठेवलेली असतात हे एक कारण झाले. पण खरे कारण असे की, ती आपली आहेत, अशी आपली खात्री असते. सामाईक वस्तू उष्टी वाटू लागते ती त्या सामाईकात आपण स्वतःस धरीत नाही तेव्हा.

आणि ज्यांस त्या सामाईकाबाहेर ठेवले गेले, त्यांस ही कसोटी कोणी शिकवावी लागली नाही. १९२५ साली निपाणीस दलितांची परिषद भरली तेव्हा डॉ. आंबेडकर तेथे आले होते. पुढे दोनच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. आणि त्यानंतर तेथल्या सनातन्यांनी पंचगव्याच्या घागरी ओतून ते तळे शुद्ध करून घेतले. गुरांना त्या तळ्यावर कधीच मज्जाव नव्हता. पाण्याच्या स्वच्छतेची चिंता कोणास होती, हे यावरून कोणासही समजावे.

असो. पुतण्याने डिसेंबरपूर्वी थोडा सराव करावा म्हणून आम्ही सारे एका रविवारी मालवणास गेलो. आंबोली, सावंतवाडी, कुडाळ हा आमचा नित्याचा रस्ता. १६६४ साली ज्याच्या बांधणीस आरंभ झाला त्या सिंधुदुर्गाच्या पाठीमागे खडकाळ उथळ पाणी आहे, आणि तेथे प्रवाळ आहेत. या परिसरातील सुमारे २९ चौरस किलोमीटर समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. मालवण-तारकर्लीकडची पुष्कळ मच्छीमार कुटुंबे आता होडीतून पर्यटकांस नेऊन पाणी दाखविण्याचा धंदा करतात. जाळ्यात पूर्वीसारखे काही लागत नाही, हे गाऱ्हाणे तेथे कोणाही म्हाताऱ्याकडून ऐकावे.

जेटीवर पुतण्याने मोठ्या ऐटीत आपली पिशवी दाखविली आणि दर कमी करण्यास सांगितले. सामान आमचे आहे, तेव्हा भाडे कसले? होडीवाला पन्नाशीचा होता. त्याने पिशवीकडे पाहिले आणि शांतपणे म्हटले, "पैशे त्या चष्म्याचे नाय ओ. तुमच्यार नजर ठेवूचे आसत."

आम्हांस हे उत्तर फार आवडले. वस्तू आपली झाली की माणसाची गरज संपली, असा हिशेब आपण नकळत करीत असतो. भाड्याच्या नळीबरोबर एक माणूस येतो. प्रवाह कोठे ओढतो, पाय कोठे टेकू नये, कोणत्या खडकावर कालवांची धार आहे, हे त्यास ठाऊक असते. आपली नळी घेऊन पोहणाऱ्यास तो माणूस नकोसा होतो. प्रवाळ हा दगड दिसला तरी जिवंत आहे. त्याच्या कित्येक जाती वर्षास एखादा सेंटिमीटरही वाढत नाहीत, आणि एका फिनच्या फटकाऱ्याने अनेक वर्षांचे काम मोडते. पुतण्याने दर कबूल केला. आम्ही त्याच्या वतीने मनातल्या मनात ओशाळलो.

किल्ल्यामागे होडी थांबली आणि तेथे एक अडचण उभी राहिली. पाण्यात उतरताच त्या नव्या मुखवट्याच्या काचेवर वाफ धरली. काही म्हणता काही दिसेना. नव्या काचेवर कारखान्यातला एक पातळ थर असतो, तो दंतमंजनाने घासून काढावा लागतो. हे त्याने वाचले होते, पण करावयाचे राहिले होते. दुसरा उपाय जगभरचे पाणबुडे करतात तो. काचेला आतून थुंकी चोळावयाची आणि खंगाळून टाकावयाची. मग वाफ धरत नाही. "थुकी लाव रे झिला," होडीवाला म्हणाला. मुलाने प्रयत्न केला. पण खाऱ्या पाण्याने आणि थोड्या भीतीनेही त्याच्या तोंडास कोरड पडली होती. तेव्हा होडीवाल्याने मुखवटा त्याच्या हातातून घेतला, आत थुंकला, अंगठ्याने काच गोल गोल चोळली, समुद्रात एकदा बुडविली आणि परत दिला. हे सारे इतक्या सहजपणे झाले की, कोणी काही बोलावे एवढाही अवकाश मिळाला नाही. पुतण्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही किल्ल्याच्या तटाकडे पाहू लागलो. त्याने मुखवटा चढविला आणि तोंड पाण्यात घातले. वीस मिनिटे तो वर आला नाही.

परतताना घाटात तो म्हणाला, "काका, सगळं दिसलं." यापलीकडे त्या विषयावर बोलणे झाले नाही.

डिसेंबरात तो सफरीस गेला तो पुष्कळ वाचन करून. जाण्याच्या आदल्या रात्री त्याने आम्हांस एक गोष्ट सांगितली. २०१४ साली अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर प्रवाळांस एक रोग लागल्याचे दिसून आले. त्याने प्रवाळाची जिवंत त्वचा गळून जाते आणि उरतो तो पांढरा सांगाडा. काही वर्षांतच तो कॅरिबियन समुद्रातील कितीतरी बेटांपर्यंत जाऊन पोहोचला. क्रूझ जहाजांची सर्वांत मोठी वर्दळ असते ती याच समुद्रात. तेव्हापासून तिकडे पाण्यात उतरणाऱ्यांस सांगण्यात येते की, एका ठिकाणी वापरलेली सामग्री दुसऱ्या ठिकाणी नेण्यापूर्वी औषधाच्या पाण्यात धुवावी, कारण तिच्याबरोबर रोग जाण्याची भीती असते. आपण घासून-पुसून, पिशवीत बांधून, शुद्ध म्हणून जपलेली आपली स्वतःची नळी!

आम्ही त्या रात्री बराच वेळ जागे होतो. सोवळ्याच्या साऱ्या इतिहासात प्रश्न एकाच दिशेने विचारला गेला आहे: त्यांच्या स्पर्शाने आम्हांस काय होईल? आमच्या स्पर्शाने त्यांस काय होईल, हे विचारण्याची सवय ना आजीस होती, ना तिच्या पणतवास. तवंदीच्या त्या बाईस काय झाले असेल, हे आम्हीसुद्धा साठ वर्षांत कोणास विचारले नाही. पटकी यात्रेकरूंबरोबर गावोगाव जात असे, हे तर इतिहासात नमूद आहे. म्हणजे तांब्या घेऊन फिरणारे आम्हीच कित्येकदा साथ घेऊन जात असू. पण तांब्याच्या धन्याने स्वतःस कधी विटाळ मानले नाही.

पुतण्या आठ दिवसांनी परतला. समुद्र शांत होता, मुलास मासे दिसले, सूनबाईस पहिल्या रात्री बोट लागली, इत्यादी सारे सविस्तर सांगून झाले. सूनबाई व मुलगा यांनी भाड्याचीच नळी वापरली होती. तेथल्या मुलाने ती औषधाच्या बादलीतून काढून, गोड्या पाण्यात खंगाळून त्यांच्या हाती दिली, आणि दोघांसही काही झाले नाही. यावर "मग तुम्ही तरी इतके ओझे का वाहिलेत?" असे सूनबाईने आमच्यादेखत विचारले. त्याने नंबराच्या काचांचे कारण सांगितले, आणि ते यथार्थ होते.

मात्र एक गोष्ट त्याने आम्हां दोघांस एकट्यांना सांगितली. खाऱ्या पाण्यातून काढलेली ही सामग्री प्रत्येक वेळी गोड्या पाण्यात धुवावी लागते, नाहीतर मीठ धरते. बेटाच्या किनाऱ्यावर एक नळ होता. लक्षद्वीपच्या बेटांवर नदी नाही, ओढा नाही. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर तरंगत राहतो, त्यावर तेथल्या विहिरी. उपसा वाढला की खारे पाणी वर चढते. म्हणूनच २००५ साली कवरत्तीस समुद्रापासून दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी करणारे यंत्र बसविण्यात आले. "मी नळाखाली मास्क धरला," तो म्हणाला, "आणि मागे एक आजी कळशी घेऊन उभी होती. ती काही बोलली नाही. मीच नळ बंद केला आणि सगळं तसंच पिशवीत भरलं." बंधूंनी विचारले, "तिला पाणी नको होते का?" तो म्हणाला, "तिला आधी घ्या म्हणून खूण केली, तर ती मलाच म्हणाली असावी, तुझं होऊ दे. भाषा कळली नाही."

तेव्हा ती सामग्री मिठाचा पांढरा थर घेऊन बेळगावास आली. रविवारी सकाळी परसात बादली मांडून पुतण्या ती धूत बसला होता. चार बादल्या पाणी गेले. आम्ही माळ्यावरून फिरकीचा तांब्या खाली काढविला होता, तो चिंच लावून घासण्यास शेजारीच बसलो होतो. झाकण बसून गेले होते आणि काही केल्या फिरत नव्हते. धुऊन झाल्यावर पुतण्या उरलेली बादली उचलून कुंड्यांकडे वळला, तोच सूनबाई आतून ओरडली, "अहो, ते पाणी मिरचीला घालू नका, खारट आहे ते."